बॅटरीच्या नळीतला लेझर

आमच्या मंगळवेढा तालुक्यात टॉर्चला कोणी टॉर्च म्हणत नाही. ती बॅटरी. शेतपंपाची वीज कित्येकदा रात्रीच येते. पाणी द्यायला अंधारात रानात जावे लागते, पायाखाली काय असेल सांगता येत नाही, म्हणून घरोघरी खुंटीला बॅटरी लटकलेली असतेच. पूर्वीच्या बॅटऱ्या जाडजूड धातूच्या असत. आता चार्जिंगच्या प्लास्टिकच्या आल्या आणि जुन्या माळ्यावर गेल्या.

अशाच एका जुन्या ॲल्युमिनियमच्या बॅटरीतून आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका मुलाने लेझर बनवला. त्याचे नाव येथे देत नाही. मुलगा हुशार आहे, हाताचा कुशल आहे आणि जे झाले त्यात त्याच्याइतकीच, किंबहुना जास्त चूक आमची आहे. म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

आम्ही खरे तर भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण लहान शाळेत एकेका शिक्षकाकडे चार-चार कामे असतात, तशी विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी आमच्याकडे आली. हा मुलगा एक दिवस मधल्या सुट्टीत आला. म्हणाला, "सर, बघा की, ज्वारीवरची पाखरं हुसकायला केलंय."

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण कणसात दूध भरू लागले की पाखरांचे थवे उतरतात. माचाणावर बसून गोफण फिरवायची, डबा बडवायचा, ओरडायचे, हे काम दिवस उजाडल्यापासून चालते. राखणीला माणूस मिळत नाही. या मुलाच्या घरी ते काम दादीकडे होते. "दादीचा खांदा दुखतो, सर," तो म्हणाला. परदेशातल्या शेतावर उजेडाची रेघ फिरते आणि पाखरे उडतात, असा व्हिडिओ त्याने पाहिला होता. हेतू किती चांगला!

त्याने बटण दाबले. समोरच्या भिंतीवर लाल टिपका पडला. मग त्याने काळा फुगा धरला, तो फट्कन फुटला. काडेपेटीची काडी धरली, ती पेटली. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. प्रदर्शनासाठी त्याचे नाव लिहून घेतले. कसे केले ते विचारले, किती खर्च आला ते विचारले. जो उजेड काडी पेटवतो तो डोळ्यात गेला तर काय करील, हे मात्र विचारले नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी तो घरच्या अंगणात प्रयोग करत होता. मोरीजवळ घासलेली स्टीलची ताटे उभी करून ठेवली होती. किरण ताटावर पडला आणि उलटून दाराकडे गेला. दारातून त्याची चौथीतली बहीण पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. एक लाल लखलखाट झाला, इतकेच. ती ओरडली नाही, कारण काही दुखलेच नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचताना तिने भावाला सांगितले, "भाई, शब्दातलं मधलं अक्षर दिसत नाही."

अम्मीला वाटले, अभ्यासाचा कंटाळा आला असेल. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मुलगाच रडत रडत आमच्याकडे आला. मग आम्ही आणि त्याचे अब्बा, दोघे मिळून मुलीला सोलापूरला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी थेंब टाकून तपासले, डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, जिथे बारीक अक्षर वाचण्याची ताकद असते नेमक्या त्या जागी, भाजल्याची लहानशी खूण होती. सूज ओसरेल तसे बरे वाटेल, पण जळलेला भाग पुन्हा नवा होत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. तीन महिन्यांत बरेच सुधारले. आज ती दोन्ही डोळ्यांनी नीट वाचते. डावा डोळा झाकला की मात्र ओळीत मध्येच एक पुसट ठिपका दिसतो. तो राहील.

नळीच्या आत काय होते?

त्या घटनेनंतर आम्ही ती बॅटरी मुलासमोर बसून उघडली. विज्ञानाच्या सहकाऱ्यांना मदतीला घेतले. भाषेच्या माणसाला समजले ते साध्या शब्दांत मांडतो.

लेझरचा जीव म्हणजे तांदळाच्या कणीहून लहान असा डायोड. त्याने तो भंगारातल्या डीव्हीडी रायटरमधून काढला होता. डीव्हीडीवर माहिती लिहायची म्हणजे तिच्या थरावर उष्णतेने खुणा उमटवायच्या. त्यामुळे लिहिणाऱ्या यंत्रातला डायोड वाचणाऱ्या यंत्रातल्या डायोडपेक्षा कितीतरी जोरदार असतो. त्याला करंट थोडा जरी जास्त झाला तरी तो क्षणात जळतो, म्हणून मध्ये करंट आवरून धरणारी छोटी सर्किट-पट्टी लागते. डायोड तापतो, म्हणून त्याच्याभोवती उष्णता ओढून घेणारा धातू लागतो. ते काम बॅटरीच्या ॲल्युमिनियमच्या नळीने केले. डायोडमधून निघालेला उजेड पंख्यासारखा पसरतो, त्याला सरळ रेघेत आणायला पुढे एक भिंग लागते. ते स्वस्तातल्या लेझर पॉइंटरमधून आले. मागे चार्जिंगचे सेल. झाला लेझर.

हे सारे खोटे खेळणे नाही. जगातला पहिला लेझर 16 मे 1960 रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून उजळवला. आपल्या देशातही फार उशीर झाला नाही. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्रात 1964 मध्ये अर्धवाहक लेझर तयार झाला. म्हणजे या मुलाच्या नळीत होता त्याच जातीचा.

बल्बचा उजेड आणि लेझरचा उजेड यांत फरक काय? बाजाराच्या दिवशीची गर्दी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकजण वेगळ्या दिशेने, वेगळ्या चालीने जातो. तो बल्बचा उजेड. आता ईदगाहात सफीत उभी असलेली माणसे पाहा. सगळ्यांचे तोंड एकीकडे, सगळे एकदम वाकतात, एकदम उठतात. तो लेझर. एकच रंग, एकच दिशा, एकच ताल.

नऊ वॅटचा बल्ब आणि पाव वॅटचा किरण

मुलाने आम्हाला अडवणारा प्रश्न विचारला. "सर, घरातला बल्ब नऊ वॅटचा. त्याकडे आपण रोज बघतो. माझा लेझर तर पाव वॅटचाही नव्हता. मग डोळा भाजला कसा?"

उत्तर असे की, बल्बचा उजेड खोलीभर वाटला जातो. आपल्या बाहुलीत त्याचा अगदी किंचित वाटा जातो आणि पडद्यावर त्याचे पसरट चित्र पडते. लेझरचा बारीक किरण मात्र सगळाच्या सगळा बाहुलीतून आत जाऊ शकतो. त्यापुढे डोळ्याचे स्वतःचे भिंग त्याला गोळा करून केसाहूनही बारीक ठिपक्यावर आणते. बुबुळावर पडलेला उजेड पडद्यावर पोहोचेपर्यंत सुमारे एक लाख पटीने दाट होतो. उन्हात भिंग धरून कागद पेटवतात, तसेच. फक्त येथे भिंग आपले आणि कागदही आपलाच. पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून त्या मुलीला काही दुखले नाही.

जगभर मान्य असलेल्या नियमांत लेझरचे वर्ग पाडलेले आहेत. दिसणाऱ्या रंगाचा एक मिलीवॅटपर्यंतचा लेझर दुसऱ्या वर्गात येतो. तो चुकून डोळ्यात गेला तर पापणी साधारण पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही, असा हिशेब आहे. पाच मिलीवॅटपर्यंत सावधगिरीचा वर्ग. त्यापुढे पाचशे मिलीवॅटपर्यंत थेट किरणही घातक आणि चकचकीत वस्तूवरून उलटलेलाही घातक. त्याच्यावर चौथा वर्ग, तो कातडी भाजतो, आग लावतो. डीव्हीडी रायटरचा डायोड शंभर-दोनशे मिलीवॅट सहज देतो. पापणी मिटायच्या आधीच काम झालेले असते.

आणखी दोन गोष्टी पालकांना ठाऊक असाव्यात. एक, डीव्हीडी रायटरमध्ये बहुधा दोन डायोड असतात. लाल डीव्हीडीसाठी आणि दुसरा सीडीसाठी. सीडीवाल्याचा उजेड अवरक्त, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो. मूल चुकून तो काढते, काही दिसत नाही, म्हणून 'लागत कसा नाही' असे म्हणत नळीत डोकावते. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. दोन, बाजारातल्या पॉइंटरवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने 2013 मध्ये 122 लेझर पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी सुमारे 90 टक्के आणि लाल रंगाचे सुमारे 44 टक्के सुरक्षेच्या नियमात बसत नव्हते. तिथे ही स्थिती, तर जत्रेत मिळणाऱ्या पॉइंटरची काय हमी?

आणि हो, उन्हाचा काळा चष्मा येथे काहीच कामाचा नाही. लेझरच्या नेमक्या रंगासाठी बनवलेला खास चष्मा लागतो.

हजार वर्षांपूर्वीचा इशारा

या निमित्ताने मुलांना आम्ही इब्न अल-हैसम यांची गोष्ट सांगितली. सुमारे 965 मध्ये बसऱ्यात जन्मलेला हा विद्वान पुढे कैरोत राहिला आणि तिथे त्याने 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्या काळी अनेक विद्वान मानत की डोळ्यातून किरण बाहेर निघतो आणि वस्तूला स्पर्श करतो, म्हणून दिसते. इब्न अल-हैसम यांनी सांगितले, नाही, उजेड बाहेरून डोळ्यात येतो.

पुरावा काय? त्यांनी अगदी साधी गोष्ट पुढे केली. प्रखर सूर्याकडे पाहिले तर डोळा दुखतो, त्याला इजा होते. म्हणजे उजेड डोळ्यावर काहीतरी करतो. अंधाऱ्या खोलीला बारीक भोक पाडून, बाहेर दिवे ठेवून, त्यांनी उजेड सरळ रेघेत जातो हेही तपासून पाहिले. संयुक्त राष्ट्रांनी 2015 हे प्रकाशाचे आंतरराष्ट्रीय वर्ष पाळले, तेव्हा त्यांच्या ग्रंथाची हजार वर्षे जगभर आठवली गेली.

आपण मुस्लिम घरांत या नावांचा अभिमान बाळगतो आणि तो बाळगावाच. पण नुसते नाव घेऊन वारसा चालत नाही. ज्या माणसाने प्रकाशशास्त्राची सुरुवातच 'प्रखर उजेड डोळ्याला इजा करतो' इथून केली, त्याचा वारसा सांगणाऱ्यांनी मुलाच्या हातातला काडी पेटवणारा उजेड पाहून नुसत्या टाळ्या वाजवाव्यात, हे आम्हाला स्वतःबद्दलच बोचले.

मिरवणुकीतले लेझर

घरातल्या लेझरबद्दल बोलायचे आणि रस्त्यावरच्या लेझरबद्दल गप्प बसायचे, हे बरोबर नाही. गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत आणि ईद-ए-मिलादच्या जुलूसमध्येही डीजेच्या गाडीवर लेझर दिसू लागले. 2023 च्या विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. 2024 च्या सप्टेंबरमध्ये कोल्हापूरजवळ उचगाव येथे मिरवणुकीतल्या लेझरमुळे एका तरुणाच्या डोळ्यात रक्तस्राव झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी पुण्यात पोलिसांनी उत्सवात अशा दिव्यांवर बंदी घातली.

त्याच महिन्यात ईद-ए-मिलादच्या जुलूसमधील डीजे आणि लेझर बंद करावेत, ही मागणी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. आवाजाबाबत न्यायालयाने साधी गोष्ट सांगितली. जे गणेशोत्सवात घातक ते ईदलाही घातकच. लेझरबाबत मात्र न्यायालयाने विचारले की, या दिव्यांनी इजा होते याचा शास्त्रीय आधार कुठे आहे? आधार न देता याचिका कशी करता?

हा प्रश्न आम्हाला योग्य वाटतो. लेझर म्हटले की सरसकट घातक, असे नाही. व्यवस्थित कार्यक्रमात किरण लोकांच्या डोक्याच्या बराच वर ठेवतात, मोजमाप करतात, जाणकार माणूस यंत्रापाशी असतो. ट्रकवर बांधलेला, धक्क्याने हलणारा, गर्दीच्या तोंडावर फिरणारा, किती मिलीवॅटचा हे लावणाऱ्यालाही माहीत नसलेला लेझर घातक असतो.

मिलादसाठी 2023 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी जुलूस पुढे ढकलला, कारण विसर्जनाची गर्दी त्याच वेळी होती. शेजाऱ्याचा एवढा विचार जे करू शकतात, त्यांना गाडीवरून लेझर उतरवणे जड नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या कमिटीला पुढच्या वेळी एवढे तरी विचारा, की हा दिवा किती ताकदीचा आहे आणि कोणाच्या तोंडावर फिरणार आहे. उत्तर आले नाही तर दिवा लावू नका.

मग मुलांनी काय करावे?

मुलीचा डोळा पाहून त्या घरातले सगळे एकच म्हणत होते, "आता या पोराच्या हातात पेचकस देऊ नका." अब्बांनी सोल्डरिंगची इस्त्री उचलून कपाटात ठेवली. आम्ही त्यांना विनंती केली की, असे करू नका. मुलाने बॅटरी उघडली यात गुन्हा नाही. त्याला बरोबर कोणी नव्हते, ही खरी उणीव आहे.

डीव्हीडीचा डायोड आम्ही त्याच्यासमोर तोडून टाकला. नळी मात्र ठेवली. त्याच नळीत त्याने साधा पांढरा एलईडी बसवला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून 'बोलणारी बॅटरी' बनवली. एलईडी आणि सेल यांच्या वाटेत एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर ठेवला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला मोबाईलच्या इअरफोनची वायर जोडली. ट्रान्सफॉर्मर अशासाठी की सेलचा करंट थेट मोबाईलमध्ये जाऊ नये. मोबाईलवर आवाज सुरू केला की एलईडीचा उजेड त्या आवाजाबरोबर कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळतही नाही. समोर हातभर अंतरावर बागेतल्या दिव्याचे छोटे सोलर पॅनल ठेवले आणि त्याच्या दोन तारा स्पीकरला दिल्या. स्पीकरमधून आवाज आला! मध्ये हात धरला की आवाज बंद. हात काढला की सुरू. वर्गातली ट्यूबलाइट लावली तर स्पीकर घूं घूं करू लागला, कारण विजेचा उजेड सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. ते मुलांना आधी माहीत नव्हते, आम्हालाही नव्हते.

ही युक्ती जुनी आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांनी 1880 मध्ये सूर्याच्या उजेडावरून आवाज पाठवून दाखवला होता. आज आपल्या मोबाईलचे बोलणे काचेच्या तंतूंतून लेझरवर बसूनच देशभर फिरते.

लेझरच हवा असेल तर तोही वर्गात चालतो, पण शिक्षकाच्या हातात, एक मिलीवॅटचा, टेबलाला पक्का बसवलेला, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीच्या बराच खाली आणि समोर कोरी भिंत. आसपास ताट, आरसा, घड्याळ काही नको. किरणाच्या वाटेत एक केस ताणून धरा. भिंतीवर उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतील. लाल किरणाची तरंगलांबी 0.00065 मिलिमीटर. भिंत दोन मीटरवर, म्हणजे 2000 मिलिमीटर. दोन्हींचा गुणाकार 1.3. अंधाऱ्या पट्ट्यांमधले अंतर 20 मिलिमीटर भरले तर 1.3 भागिले 20, म्हणजे केसाची जाडी 0.065 मिलिमीटर. आमच्या मुलींनी सगळ्या शिक्षकांचे केस मोजले. सर्वांत जाड केस मुख्याध्यापकांचा निघाला.

आणि दादीची पाखरे? परदेशात शेतावर लेझर वापरतात हे खरे, पण ते खांबावर बसवलेले, ठरलेल्या उंचीवर आपोआप फिरणारे यंत्र असते. मंद उजेडात, पहाटे-संध्याकाळी ते जास्त परिणामकारक. भर उन्हात रेघ पाखराला दिसतच नाही. हातात धरून फिरवायचे ते साधन नव्हे. या हंगामात त्या घराने रानाभोवती वाऱ्यावर फडफडणारी चमकी फीत बांधली आणि मुलाने शाळेपूर्वी एक तास माचाणावर बसायचे कबूल केले. दादीने गोफण सोडलेली नाही, पण खांद्याला आराम आहे.

नेत्रतज्ज्ञांनी त्या दिवशी मुलाला एक गोष्ट दाखवली होती. मधुमेहाने पडदा बिघडलेल्या रुग्णाला ते लेझरनेच उपचार करतात. मोजून मापून, नेमक्या जागी, नेमका वेळ. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो' ही वेधशाळा उभी राहणार आहे, तिला 2023 मध्ये केंद्राने मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांतून लेझर सोडून विश्वातल्या लाटा मोजायच्या आहेत. त्याला हाताने कुशल मुले लागतील. आपल्या घरातलीही लागतील.

म्हणून माता-पित्यांना विनंती. मुलाने काही उघडले, जोडले, पेटवले, तर रागावू नका आणि नुसत्या टाळ्याही वाजवू नका. जवळ बसा आणि विचारा, "बेटा, हा उजेड जातो कुठे? वाटेत कोण आहे?" डोळे ही अमानत आहे, आपलीही आणि दुसऱ्याचीही. आमच्या शाळेत आता प्रदर्शनाच्या अर्जावर हा प्रश्न पहिला असतो. तो आम्ही एकदा विचारायचा विसरलो, त्याची आठवण एका लहान मुलीच्या उजव्या डोळ्यात राहिली आहे.